उजवीकडे अर्धा इंच

लेक घराबाहेर पडायला निघाली तशी आईने नेहमीप्रमाणे तिचा उजवा खांदा दाबला. "सरळ उभी राहा." लेक बावन्न वर्षांची, आई ऐंशीच्या पुढची, पण हा कार्यक्रम काही चुकायचा नाही. लेकीचा कणा वाकडा, खांदा वर, आणि त्याचं सगळं खापर शाळेच्या दप्तरावर फुटलेलं. "एकाच खांद्यावर ओझं घेऊन मिरवायचीस. सांगून सांगून माझी जीभ झिजली." लेकीने हे इतकं ऐकलं होतं की ते तिला पाठ झालं होतं, आणि पटलंही होतं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. फार उशीर केलात, म्हणाले. तयार कपडा तिच्या अंगाला कधी बसलाच नाही, म्हणून मग ती शिवणकाम शिकली आणि त्यावरच पोट भरलं.

वडील नामांकित शिल्पकार. ते गेल्यावर त्यांचे सगळे कागद अकरा खोक्यांतून संग्रहालयात गेले होते. आता तिथून पत्र आलं होतं: काही चित्रांतली व्यक्ती ओळखता आली तर सांगा, प्रदर्शनात पाटी लावायची आहे.

तिथे कागद सांभाळणारी बाई तरुण होती, उत्साही होती. पांढरे हातमोजे घालून तिने एकेक चित्र टेबलावर मांडलं. "सरांचा हात बघा ना. हाडन् हाड मोजून काढलंय."

चौदा चित्रं, सगळी पाठमोरी. एक लहान मुलगी, प्रत्येक चित्रात थोडी थोडी उंच होत गेलेली. प्रत्येकीच्या शेजारी एक उभी रेघ, ओळंब्याची. लेकीला तो ओळंबा आठवला. कामाच्या खोलीत छताला बांधलेला दोरा आणि खाली शिशाचा गोळा. त्याच्याजवळ ती तास तास उभी राहायची. बाबा "हलू नकोस" एवढंच म्हणायचे. पण एरवी ते घरात कुणाकडे धड बघतसुद्धा नसत, त्यामुळे तिला त्या उभं राहण्याचं केवढं अप्रूप.

पहिल्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: कणा, उजवीकडे अर्धा इंच. तारीख तिच्या नवव्या वर्षातली. पुढच्या वर्षी पाऊण इंच. मग एक. मग सव्वा. शिवणकामात आयुष्यभर लोकांच्या पाठी मोजलेल्या लेकीला आणखी काही समजावून सांगायची गरज नव्हती.

"मॉडेल म्हणून एखादं आजारी मूल आणलं असावं, असा आमचा अंदाज," बाई म्हणाली. "शहराच्या बागेत सरांनी केलेला मुलीचा पुतळा आहे ना, त्याची ही तयारी. पण पुतळ्याची पाठ कशी ताठ आहे, नाही?"

ताठच होती. दगडात त्यांनी तो अर्धा इंच नीट भरून काढला होता.

सहाव्या चित्राच्या मागे एक चिठ्ठी टाचलेली होती. काम चालू असताना कुणी बोललेलं बाबांना खपायचं नाही, म्हणून आई चहाच्या कपाखाली चिठ्ठी ठेवून यायची. अक्षर आईचं: "पोरीचा खांदा वर दिसतो. डॉक्टरांना दाखवू या का?" खाली बाबांचं: "आधी पुतळा होऊ दे. डॉक्टरांनी पाठीला पट्टा बांधला तर उभी कशी राहणार?"

आधी तिला राग आला नाही. आधी ते दप्तर आठवलं, निळं, एका पट्ट्याचं. किती वर्षं तिने त्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या होत्या. मग राग आला.

"पाटीवर लिहा," ती म्हणाली. "शिल्पकाराची मुलगी. वय नऊ ते तेरा. आणि ही चिठ्ठी शेजारी लावा."

बाईने चिठ्ठी वाचली. मग तिची नजर लेकीच्या खांद्याकडे गेली आणि पटकन दुसरीकडे वळली. "पण सरांचं नाव..."

"खालचं उत्तर त्यांच्याच हातचं आहे ना?"

घरी आई शेंगा सोलत बसली होती. "कोण होतं चित्रांत?" तिने मान वर न करता विचारलं.

"चिठ्ठी सापडली, आई. तुझी."

आईचे हात थांबले. "मी तीनदा लिहिलं होतं," ती म्हणाली. "एकच ठेवली का त्यांनी?"

"आणि दप्तर?"

"असं का झालं, असं का झालं, म्हणून तू सारखी विचारायला लागलीस. काहीतरी सांगणं भाग होतं. त्यांचं नाव कसं घेणार? तुझा जीव होता त्यांच्यावर."

"म्हणून माझं घेतलंस."

आई कशीबशी उठली, जवळ आली, आणि सवयीने तिचा हात लेकीच्या उजव्या खांद्याकडे गेला. लेकीने तो वाटेतच धरला आणि हळूच खाली केला.

"राहू दे," ती म्हणाली. "तो तसाच आहे, मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून."