मागच्या सीटचा आवाज

सासऱ्यांनी मला मुलगी दिली तेव्हा एकही अट घातली नव्हती. मोटरसायकल दिली तेव्हा मात्र घातली. मुलीबद्दल खात्री होती म्हणून, की माझ्याबद्दल नव्हती म्हणून, हे विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.

अट अशी, की गाडीतून तक्रारीचा आवाज आला की गाडी धाकट्या जावयाच्या दारात. गाडी तीस वर्षांची. सासरे जन्मभर गॅरेजवाले. गुडघ्यांनी किक मारायला नकार दिला तेव्हा त्यांनी ती माझ्या हवाली केली. धाकटा जावई म्हणजे माझा साडू. त्याच्याकडे दोन गाड्या आहेत आणि डोळा तिसरीवर. दर रविवारी सासुरवाडीला आम्ही सगळे जमतो, तो माझ्या गाडीच्या टाकीवरून हात फिरवतो आणि मी खिशातली किल्ली चाचपतो.

त्या रविवारी बायकोला मागे घेऊन मी फाटकातून आत शिरलो आणि गाडी बोलली. कट... कट... कट. ठरावीक अंतराने, कुणीतरी नखं कापत बसल्यासारखं. पायरीवर पेपर वाचणाऱ्या सासऱ्यांचा पेपर खाली आला.

"पुढच्या रविवारपर्यंत," ते म्हणाले.

साडूने माझी फार आपुलकीने चौकशी केली. बसचा पास काढायचा असेल तर त्याच्या ओळखीचा माणूस आहे म्हणे.

सोमवारी सकाळी ऑफिसला दांडी मारून मी मेकॅनिककडे गेलो. त्याला सगळे कानसेन म्हणतात. सासऱ्यांच्याच हाताखाली तयार झालेला. गाडी आली की तो आधी काही उघडत नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतो, मूठ कानाला, आणि डोळे मिटतो. त्याने ऐकलं. मग गाडी चालवून आणली. मग मला चालवायला लावून स्वतः शेजारून सायकलवर आला. आवाजाचा पत्ता नाही. डॉक्टरच्या दारात गेल्यावर दात दुखायचा थांबतो, तसं.

"आवाज कधी येतो?" त्याने विचारलं.

"रविवारी."

"गाडीला वार कळत नाहीत. रविवारी वेगळं काय असतं?"

मी आठवून पाहिलं. आठवडाभर मी एकटा फिरतो. "रविवारी बायको मागे असते."

"मग ताईंना घेऊन या."

हे ज्याला सोपं वाटेल त्याचं लग्न झालेलं नसावं. घरी जाऊन 'तू बसलीस की गाडी कुरकुरते' हे वाक्य कुठल्या बाजूने धरायचं? मी म्हणालो, "तू मागे बसलीस की गाडीला कंठ फुटतो." ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"माझ्या वजनाबद्दल बोलतोयस का?"

"गाडीबद्दल बोलतोय."

ती आली, पण केवळ साडूच्या हातात गाडी पाहवणार नाही म्हणून. वाटेत गाडी इमानेइतबारे कट-कट करत होती आणि तिचं कोपर माझ्या बरगडीत दर कटला थोडं आत जात होतं.

कानसेनने तिला सीटवरच बसवून ठेवलं, मलाही बसवलं, आणि स्वतः पोत्यावर आडवा झाला. चेन बोटाने वर-खाली करू पाहिली. ती हलेना. "हिच्यापेक्षा कपडे वाळत घालायची दोरी सैल," तो म्हणाला. आम्हाला उतरवलं, गाडी डबल स्टँडवर चढवली, पुन्हा बोट लावलं. आता चेन एक बोट हलत होती.

"माणसं बसली की मागचं चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते," त्याने सांगितलं. "एकट्या माणसाला एक बोट ढील पुरते. मागे कुणी असेल तर नाही पुरत. म्हणून मी महिन्यापूर्वी दोन बोटं ठेवली होती."

"मग एक कशी झाली?"

"तेच. चेन चालून सैल होते. चालून घट्ट झालेली मी जन्मात पाहिलेली नाही." त्याने चाकाच्या नटातली स्प्लिट पिन बघितली आणि आम्हाला जवळ बोलावलं. नट फिरू नये म्हणून ही पिन घालतात आणि तिचे दोन पाय वाकवतात. कानसेन दोन्ही पाय दोन बाजूंना वाकवतो. इथे एक पाय वर नेऊन नटावर चपटा ठोकला होता आणि दुसरा मुळापासून छाटला होता.

बायको वाकली. "हे तर बाबांचं काम," ती म्हणाली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रविवारी जेवून मी तासभर आडवा होतो. गाडी फाटकात उभी असते. आणि पाना सासऱ्यांच्या हातून गुडघ्यांनी काढून घेतलेला नाही. त्याच्या आदल्या रविवारी बायको माहेरी राहून नंतर बसने आली होती, मी एकटाच परतलो होतो. त्या दुपारी त्यांना चेन सैल वाटली असणार, आणि जावयाच्या हलगर्जीपणावर त्यांनी गुपचूप पांघरूण घातलं. चिडावं की गहिवरावं मला कळेना. मी थोडा थोडा दोन्ही झालो.

"सैल करून देऊ?" कानसेनने विचारलं. "पण ते बघतील आणि पुन्हा ताणतील. आणि उस्तादांना 'तुमचं चुकलं' म्हणायला मला सांगू नका."

"नको," बायको म्हणाली. "आहे तशी राहू दे. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू दे."

रविवारी आम्ही कट-कट करतच फाटकात शिरलो. साडूने आज नवं हेल्मेट आणलं होतं. सासरे उठले, चेनला बोट लावलं. "ढील बरोबर आहे," ते जरा कोड्यात पडून म्हणाले. "एक बोट."

"बाबा, तुम्हीच चालवून बघा," बायको म्हणाली. "किक हा मारेल. आई, तू बस गं मागे."

सगळे सासूबाईंकडे बघू लागले. सासूबाई घाबरतात म्हणून कधी गाडीवर बसत नाहीत, असं घरात सगळे धरून चालतात. सासरे पहाटे गॅरेजला एकटे जायचे, एकटे यायचे; बाकी सगळीकडे कुटुंब बसने. सासूबाईंनी हात पुसले, पदर खोचला आणि एका दमात बसल्या.

मी किक मारली. गाडी फाटकाबाहेर गेली. कट... कट... कट. कोपऱ्यावर आवाज नाहीसा झाला. दहा मिनिटं गेली, वीस गेली. साडू हेल्मेटचा पट्टा लावत-सोडत बसला. पाऊण तासाने कट-कट परत आलं.

सासरे उतरले आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "पाना आणा."

त्यांनी स्वतः पिन काढली, स्वतःच्याच हाताने वाकवलेली, आणि हे आम्हाला कळलंय हे त्यांनाही कळलं. चेन दोन बोटं सैल केली. नवी पिन घातली, एक पाय नटावर ठोकला, एक छाटला.

"गाडीचा दोष नाही," ते पिनेकडे बघत म्हणाले. "मागे कुणी बसतं, हे मी कधी धरलंच नव्हतं. हिला भीती वाटते ना."

"मला भीती कधी वाटली?" सासूबाई अजून सीटवरून उतरल्या नव्हत्या. "मला कुणी बस म्हणालंच नाही. तीस वर्षं."

सासऱ्यांनी पाना पुसला. बराच वेळ पुसला. मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, गाडी तुमच्याकडेच राहू दे. रविवारी मात्र आम्हाला लागेल. किक तेवढी तुम्ही मारायची."

"आजचा रविवार अजून संपलेला नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी साडूच्या हातातलं नवं हेल्मेट घेतलं आणि डोक्यात घातलं.

मी किक मारली. या वेळी गाडी गेली तेव्हा कसलाही आवाज आला नाही, फक्त कोपऱ्यावर सासूबाई 'जरा हळू चालवा' म्हणाल्यासारखं वाटलं. बायको म्हणाली, 'हळू' नाही, त्या 'जोरात' म्हणाल्या.