रघूच्या पेटीतला वास

पेटीची किल्ली आलीच नाही. जहाज कंपनीच्या कचेरीतल्या माणसाने कागदावर अंगठा घेतला, पेटी पुढे सरकवली आणि किल्लीचं विचारल्यावर, ती मयताच्या खिशात राहिली असेल, एवढंच म्हणाला. म्हणून कौसल्येने पाट्यावरचा वरवंटा उचलला. चौथ्या घावाला कुलूप तसंच राहिलं आणि कडीच निखळून आली.

तिची नणंद गंगुबाई माहीमहून मुद्दाम आली होती. भिंतीला टेकून, पाय लांब करून ती बघत होती. भावाची पेटी उघडताना आपण हजर असावं, एवढंच तिचं म्हणणं. आत फारसं काही नव्हतंच. दोन शर्ट, एक कांबळं, दाढीचं सामान, गावच्या देवाचा अंगारा बांधलेली पुडी. आणि तळाशी, लोकरीच्या एका मोज्यात घातलेली, काचेच्या बुचाची चौकोनी बाटली. आतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. तिसरा हिस्सा संपलेला होता.

कौसल्येने बूच फिरवलं. लालबागच्या त्या चाळीत तिची खानावळ गेली नऊ वर्षं चालू होती. गिरणीतली चौदा माणसं तिच्याकडे दोन वेळ जेवायची. कुणाच्या घरात धणे करपले नि कुणाच्या घरात खोबरं, हे ती जिन्यावरून सांगायची. पण या वासापुढे तिचं नाक अडलं. आधी चहा. दूध पडायच्या आधीचा, उकळी आलेला. मग लवंग, मिरी. त्याच्या खाली आणखी काहीतरी होतं, गोडसर, आणि त्याचं नाव तिला सापडेना.

गंगुबाईने लांबूनच नाकाला पदर लावला.

"ह्यो बायलमाणसाचो वास, कौसल्या," ती म्हणाली. "गटारात ओत आणि गप रव."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुरुषमाणूस दोन-दोन वर्षं परमुलखात, त्याचं काय नि किती विचारायचं, भाऊ गेला, त्याचं नाव चाळीत चघळलं जाऊ नये, असं तिला वाटत होतं. कौसल्येला ते कळत होतं. तरी तिने बाटली ओतली नाही. मिठाच्या बरणीशेजारी फळीवर ठेवून दिली.

रघु जहाजावर तेलवाला होता. इंजिनखोलीत यंत्रांच्या सांध्यांना तेल घालत फिरायचं, हे त्याचं काम. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण नवरा-बायको म्हणून एका छपराखाली काढलेले दिवस एकापुढे एक मांडले असते, तर दोन वर्षंसुद्धा भरली नसती. मूलबाळ नव्हतं. एडनच्या अलीकडे तापाने गेला, तिकडेच समुद्रात सोडला, हे तिला तारेने कळलं होतं. तेव्हा ती रडली, आणि तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसली, कारण माणसं जेवायची थांबत नाहीत. पण आता ही बाटली आल्यावर तिला एक गोष्ट सारखी टोचू लागली. आपला नवरा जहाजावर सकाळी उठून काय खातो, कुठल्या बंदरात उतरून कुठे जातो, कुणाशी बोलतो, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. तो सुट्टीवर यायचा तेव्हा गावची नि घरची बोलणी निघायची, आणि दिवस संपायचे.

त्या शनिवारी नरे पार्कवर संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. जेवणारी माणसं सहालाच पानावर बसली. वाढता वाढता कौसल्येने बाटली मध्ये ठेवली आणि हा कसला वास ते सांगा, म्हणाली. कुणाची ते सांगितलं नाही. साच्यावर काम करणारा बाबुराव म्हणाला, लग्नातला गोविंदविडा. त्याच्या शेजारच्याला खोकल्यावरचं औषध आठवलं आणि सगळे हसले. तिसऱ्याला देवळातला धूप वाटला. त्यावरून त्यांची जुंपली. मुंबई कुणाची यावर त्या पंक्तीत कधी दोन मतं झाली नव्हती, पण या थेंबभर पाण्यावर चौदा झाली. शेवटी बाटली अप्पांकडे आली. अप्पा गिरणीत टाइमकीपर होते, खानावळीतले सगळ्यांत जुने. त्यांनी डोळे मिटून वास घेतला.

"कपाटाचा," ते म्हणाले. "मालकाच्या कचेरीत एक शिसवी कपाट आहे. उघडलं की असा येतो."

माणसं घोषणा देत जिना उतरून गेली. कौसल्या खरकटी काढत राहिली. चौदा नाकांपैकी एकालाही त्यात बाई दिसली नव्हती, हे तिच्या मनात राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मीराबाईला गाठलं. मीराबाई पलीकडच्या चाळीतली, परळच्या इस्पितळात आया होती. तिच्या घराने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला तीन वर्षं होत आली होती. पूर्वी ती काही मागायला आली तर उंबऱ्याबाहेर उभी राहायची. आता कौसल्या तिला आत पाट द्यायची आणि तीही न अवघडता बसायची. तिने वासाची घाई केली नाही. मनगटावर थेंब लावला आणि तांदूळ निवडू लागली. मध्येच मनगट नाकाशी नेई, पुन्हा तांदूळ निवडी. इस्पितळात मोठ्या घरच्या बाया बाळंत होतात, त्यांच्या उशाला अशा बाटल्या असतात, असं तिने सांगितलं. वास लावल्याबरोबर एक असतो आणि अर्ध्या तासाने दुसराच होतो, हेही तिला तिथेच कळलं होतं.

"आता बघा, ताई," तिने मनगट पुढे केलं. "मिरी गेली. चहा पिऊन झाल्यावर रिकाम्या कपात वास राहतो ना, तो आहे हा."

कौसल्येने वास घेतला. खरंच तसा होता. पिणारा उठून गेलेला, आणि कप अजून ऊन.

महिनाअखेरीला मिरची-मसाला आणायला ती मशीद बंदरला जायची. या खेपेला पिशवी भरल्यावर ती तशीच चालत भेंडीबाजारात गेली. अत्तराच्या दुकानापुढून तीनदा फिरली. कपाळ पांढरं असलेल्या बाईने अत्तराच्या दुकानात शिरायचं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. चौथ्या वेळी शिरली. दुकानातल्या म्हाताऱ्या चाचांनी काही विचारलं नाही. बुचाचा वास घेतला, बाटली उजेडात धरली, बाटलीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर अंगठा फिरवला.

"मर्दाना है, बाई. औरत के लिए नहीं बनाया," ते म्हणाले. मग चिठ्ठीच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "और ये दाग इत्र का नहीं. मशीन का तेल है."

कोपऱ्यावर काळपट ठसा होता. अंगठ्याचा. तो तिने रोज पाहिला होता आणि मळ समजली होती. रघु सुट्टीवर यायचा तेव्हा किती घासलं तरी त्याच्या नखांच्या कडेने तो रंग जात नसे. म्हणजे बाटली त्यानेच उघडली होती. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. वासाची हौस नसलेल्या माणसाने. दिवाळीत तिने लावलेल्या अत्तरालासुद्धा तो शिंकायचा.

आता तिला गप्प बसणं शक्य नव्हतं. माझगावात त्यांच्या गावकऱ्यांची खोली होती. बोटीवरून उतरलेले लोक तिथे उतरायचे. तिथे तिने निरोप ठेवला, की रघूबरोबरचा दगडू येईल तेव्हा त्याला पाठवा. पाच आठवड्यांनी तो आला, रविवारी, दुपारी. गंगुबाईही आली होती. दगडू जेवला, हात धुतला आणि फळीवरची बाटली त्याला दिसली तेव्हा बघतच राहिला.

कौसल्येने सरळ विचारलं. "कोण बाई होती काय, भावोजी?"

दगडूने गंगुबाईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"होती," तो म्हणाला. "पण तुमी म्हणतास तशी न्हय. म्हातारी. माझ्या आवशीच्या वयाची."

मग त्याने सांगितलं. फ्रान्समध्ये, मार्सेल्सच्या बंदरात, गोदीच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. साबण, फण्या, अत्तरं. रघु पहिल्यांदा साबण घ्यायला गेला. दुकानाच्या दाराची बिजागरी करकरत होती. दुसऱ्या खेपेला तो तेलाची बुधली घेऊन गेला आणि न सांगता बिजागऱ्यांना तेल घालून आला. त्या दिवशी म्हातारीने त्याला बसवून चहा दिला. बिनदुधाचा, लवंग आणि नारिंगाची साल टाकलेला. तिची भाषा याला येत नव्हती, याची तिला. तरी बोट बंदराला लागली की हा तिच्याकडे जाऊन तासभर बसायचा. ती तिच्या भाषेत बोलायची, हा मालवणीत. दगडू एकदा बरोबर गेला होता. त्याला त्या बसण्यात काही मजा दिसली नाही, आणि तो परत गेला नाही. बाटली तिने दिली होती. त्यात तिच्या चहाचाच वास होता, तो रघूला दाखवून दोघं हसली होती. बायकोला ने, अशी तिने खूण केली म्हणे. रघूच्या मनातही तेच होतं. पण इंजिनखोलीत जळक्या तेलाने त्याला मळमळायचं, तेव्हा गळ्यातल्या फडक्याला तो यातला एक थेंब लावू लागला.

"रघु म्हणायचो, घरच्या चायसारखो वास आसा," दगडू थांबला. "पण लवंग जास्त म्हणायचो. आणि आल्याचो वास नाय."

नारिंगाची साल. तळाशी होता तो गोडसर वास. कौसल्येला बरं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ वाईटही. नवऱ्याला एक जागा होती. तिथे खुर्ची होती, चहा होता, दाराला त्याने घातलेलं तेल होतं, आणि अकरा वर्षांत तिला त्याचा पत्ता नव्हता. तिला त्या म्हातारीचा राग येईना. ती चहात साखर घालते का, एकटीच असते का, तिचा नवरा कधी गेला, असले प्रश्न तिला पडू लागले. दगडूला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

गंगुबाई उठली. फळीपाशी गेली, बाटली उघडून तिने पहिल्यांदाच नाकाशी धरली. बराच वेळ तशीच पाठमोरी उभी राहिली.

"माका काय वासच येणा नाय," ती म्हणाली. रडून तिचं नाक चोंदलं होतं.

दगडू निघायला उठला तेव्हा कौसल्येला एकदम सुचलं. रघु गेला, हे तिकडे कुणाला कळलंय? दगडू म्हणाला, त्यानंतर बोट त्या बंदराला लागलीच नव्हती. म्हणजे म्हातारी अजून वाट बघत असेल. कौसल्येने डब्यातली सुंठ काढली. चांगली पांढरी, गावाहून आलेली. कुटली, वस्त्रगाळ केली, पत्र्याच्या डबीत दाबून भरली आणि झाकणावर फडकं बांधलं. तिच्या चहात घालायला सांगा, म्हणाली. आणि रघूचंही सांगा. ते कसं सांगणार, हे दगडूने विचारलं. बघा कसं जमतंय, एवढंच ती म्हणाली.

दगडू गेला. रघूचं वर्षश्राद्ध झालं. बाटली फळीवरच होती. क्वचित कौसल्या मनगटाला थेंब लावायची, दुपारी, माणसं कामावर असताना, आणि मीराबाईसारखी तांदूळ निवडत बसायची.

पत्र आलं ते मार्चात. मुंबईसकट राज्य होणार हे तेव्हा पक्कं झालं होतं आणि जेवणाऱ्यांनी गोडाचा हट्ट धरला होता, म्हणून ती शिऱ्यासाठी रवा भाजत होती. अप्पांनी पत्र हातात घेतलं. तिने परातीतला उरलेला रवा तसाच ठेवला आणि कढई उतरवली.

पत्र लहान होतं. दगडूने कुणाकडून तरी लिहवलं होतं. बोट मार्सेल्सला लागली. गल्लीत गेलो. म्हातारीचं दुकान नाही. आजूबाजूला विचारलं, पण त्यांचं बोलणं कळलं नाही. एकाने हाताने काही खूण केली. गेली म्हणाला की गावाला गेली म्हणाला, ते समजलं नाही. तिथे आता छत्र्यांचं दुकान आहे. सुंठ परत आणणार होतो, पण थंडी फार होती, ती आम्ही सगळ्यांनी चहात घातली. चांगली होती. तब्येतीस जपा.

अप्पा थांबले. "एवढंच आहे."

"दुकानाचं परत वाचा," कौसल्या म्हणाली.

त्यांनी वाचलं. माणसं हात धुऊन पानांवर येऊन बसत होती, कुणीतरी शिऱ्याचं विचारलं.

"छत्र्यांचं दुकान घातलंय म्हणजे," ती म्हणाली, "तिकडे पाऊस पुष्कळ पडत असेल, नाही अप्पा?"

अप्पांनी पत्राची घडी घातली. आपल्याला काही कल्पना नाही, म्हणाले. मग तिने कढई पुन्हा चुलीवर चढवली.