बॉनेटवरचं नाव

पुंडलिकरावांनी गाडी आणून यामिनीच्या दारात लावली, चावी पायरीवर टाकली आणि शेजारच्या आपल्या घरात निघून गेले.

यामिनीचा नवरा सुमीत गेला त्याच्या तेराव्या दिवशी पुंडलिकरावांनी, म्हणजे तिच्या थोरल्या भासऱ्यांनी, सुमीतच्या मोठ्या भावाने, ती तांबडी गाडी आठ दिवसांसाठी म्हणून नेली होती. आठ दिवसांची दोन वर्षं झाली. कागदपत्रं यामिनीच्या नावावर. आष्टीच्या शाळेत शिकवायला मात्र ती ऑटोने जायची आणि रस्त्यात तिचीच गाडी तिला धूळ चारून पुढे जायची. पंचायत समितीला उभं राहायचं म्हणून त्यांनी बॉनेटवर आणि दोन्ही दारांवर हातभर अक्षरांत स्वतःचं नाव चिकटवलं होतं. शेवटी तिने ठाण्यात अर्ज दिला, तेव्हा कुठे गाडी परत आली. तीही कशी, तर नावाचे स्टिकर रागाने ओरबाडलेले. अर्धी अक्षरं तशीच आणि बाकीच्या जागी धूळ बसून काळा झालेला चिकटा.

रंगकाम करणाऱ्या प्रेमदासला तिने विचारलं. तो म्हणाला की ब्लेड लावू नका, पेट्रोल-थिनर तर नाहीच, वरची चमक जाते. सावलीत उभी करा, गाडी थंड होऊ द्या, आधी धुवा, नाहीतर धुळीचेच ओरखडे पडतील. मग केस वाळवायच्या मशीनने बेताची ऊब द्या, नखाने उचला, राहिलेल्या चिकट्यावर खोबरेल तेल लावून वीस मिनिटं थांबा, मऊ कापडाने पुसा. दुकानात आणली तर दुपारभरात करून देतो, असंही तो म्हणाला.

यामिनीने नको म्हटलं. सावली गल्लीत एकाच ठिकाणी होती, पुंडलिकरावांच्या ओट्यासमोरच्या कडुनिंबाखाली. सकाळी तिथे त्यांची माणसं चहाला जमत. दिवाळीच्या सुट्ट्या होत्या. तिने गाडी तिथेच नेऊन उभी केली, घरातून लांब वायर ओढली आणि पहिल्या दिवशी फक्त 'पुं' काढला.

येणारा-जाणारा थांबून विचारायचाच. ती तेलाचा हात न थांबवता सांगायची की गाडी दोन वर्षांनी घरी आली, कोणाकडे होती ते इथे लिहिलेलंच आहे. आवाज चढवायची नाही. ओट्यावरचे लोक चहाच्या कपात बघत बसायचे. दुसऱ्या दिवशी ते निम्मे आले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातले एकटे नत्थूजी आले आणि तेही चहा न घेता उठले. यामिनीला इतकं गोड काही कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं.

पुंडलिकरावांनी आधी बायकोला पाठवलं. जाऊबाईंनी काम आत अंगणात कर म्हणून विनवलं. यामिनीने सावली नाही म्हणून सांगितलं. मग चौथ्या सकाळी, जे भासरे तिच्याशी कधी समोरासमोर बोलत नसत, ते स्वतः थिनरची बाटली घेऊन आले.

"काऊन तमाशा करून राह्यली? याच्यानं दहा मिनिटांत निघते."

यामिनीने डोक्यावरचा पदर नीट केला. "थिनरनं रंग निघते, भाऊजी. मले नाव काढाचं आहे, रंग नाई."

ते बाटली घेऊन परतले.

संध्याकाळी तिने शाम्पूने तेल धुतलं. चिकट्याचा कणही राहिला नव्हता, एक ओरखडाही नव्हता. पण दोन वर्षांच्या उन्हाने बाकीचा रंग विटला होता आणि स्टिकरखालचा मूळचा गडद राहिला होता. बॉनेटवर 'पुंडलिकराव' पुन्हा स्वच्छ वाचता येत होतं.

तिने प्रेमदासला बोलावून दाखवलं. प्रेमदास म्हणाला, पॉलिशने बरंच जाईल, उद्याच मारतो. ती त्या अक्षरांवरून हात फिरवत म्हणाली, राहू दे.

बाजाराच्या दिवशी तिने गाडी बाजाराच्या तोंडाशी लावली, जिथून सगळ्यांना जावं लागतं. लोक वाचत, एकमेकांना कोपर मारत आणि पुढे जात. तिला वाटलं होतं, हे पाहून मन भरेल. भरलं नाही. भाजी तर केव्हाच घेऊन झाली होती. तरी ती अजून तासभर तिथेच उभी राहिली.