गॅस्केटचे पाय आणि आबांच्या टाचा

समाधान चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता आणि त्याला एक खोड होती. कुठलीही गोष्ट बिघडली की तो पाच वेळा ‘का’ विचारायचा. कंपनीत ही खोड नव्हती, पद्धत होती. रबराचा भाग वाकडा निघाला की कागद घ्यायचा, वर बिघाड लिहायचा, खाली ‘का?’, त्याच्या उत्तराला पुन्हा ‘का?’. असं पाचदा खणलं की तळाशी खरं कारण सापडतं म्हणे. नियम एकच: तळाशी माणसाचं नाव लिहायचं नाही. ‘ऑपरेटरची चूक’ असं कुणी लिहून आणलं की समाधान तो कागद परत करायचा. “माणूस चुकत नसतो भावा, पद्धत चुकते. परत खण.” घरी मात्र ही पद्धत जरा महागात पडायची. ‘भाजी खारट का’ इथून निघालेला एक कागद तिसऱ्याच ‘का’ला बायकोच्या, म्हणजे करिष्माच्या, माहेरी जाऊन पोचला होता, आणि समाधानने तो शहाण्यासारखा फाडून टाकला होता.

तर अशा माणसाचं कुत्रं पाय चाटायला लागलं.

कुत्र्याचं नाव गॅस्केट. कंपनीच्या स्टोअरमागे रबरी गॅस्केटच्या रिकाम्या खोक्यात सापडलं, म्हणून गॅस्केट. तांबूस रंग, एक कान उभा, दुसरा पडलेला. समाधान लातूरकडचा, मोशीत त्याचं रक्ताचं कुणी नाही. पण कंपनीची बस नाक्यावर थांबली की गॅस्केट तिथे बसलेलं असायचं, आणि दिवसभर साहेबांची बोलणी खाऊन आलेल्या या माणसाला बघून शेपटीसकट सगळं अंग हलवायचं. इतक्या आनंदाने समाधानची वाट आजवर कुणी पाहिली नव्हती. करिष्मानेही नाही, आणि हे तिने स्वतःच कबूल केलं होतं.

घरमालक आबाजी मोशीचेच. जिथे त्यांचं वावर होतं तिथे आता त्यांची चार मजली इमारत होती, आणि खाली पोर्चमध्ये त्यांची लोखंडी खाट. दुपारी भाकरी खाऊन त्या खाटेवर आडवं व्हायचं, हे त्यांचं म्हातारपणातलं एकमेव काम. तेच बंद पडलं होतं. कारण खाटेखाली गॅस्केट बसायचं आणि पाय चाटायचं. पुढचा उजवा झाला की डावा, तो झाला की मागचे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. चप चप चप.

शेवटी आबांनी समाधानला जिन्यातच गाठलं. “आरं, हे कुत्रं हाय का पाण्याचा पंप? दुपारभर चाललंय. डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. शनवारपत्तोर थांबलं तर ठीक. न्हाईतर रैवारी त्येला खेडला भनीच्या मळ्यात सोडून येनार. तितं चाट म्हनावं काय चाटायचं ते.”

समाधानला आधी कंपनीची बस आठवली. खेडच्या मळ्यात गॅस्केट कुठल्या बसची वाट बघणार?

“आबा, मी कारण शोधायलोय,” तो म्हणाला. “तळापर्यंत जातो.”

“तळापर्यंत जायच्या आधी डॉक्टरकडे जा,” वरून करिष्मा म्हणाली. पण क्वालिटीचा माणूस असा एकदम बाहेरच्याला बोलावत नाही. आधी विश्लेषण. हॉलच्या भिंतीवर कागद लागले. गॅस्केट पाय का चाटतं? खाज येते. खाज का येते? इथे फाटे फुटले. अंड्यामुळे, म्हणून अंडं बंद. गोणपाटामुळे, म्हणून गोणपाट बदललं. पिसवांमुळे, म्हणून फणीने विंचरलं. त्यात गॅस्केट इतकं सुंदर दिसायला लागलं की शेजारणीने विचारलं, दुसरं आणलं का? पाय मात्र तसेच चाटत होतं. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

मग आबांच्या मंडळी शालनबाई यांनी उपाय सांगितला: खोबरेल तेलात हळद कालवून पायांना लाव. समाधानने लावली आणि तो कामावर गेला. गॅस्केट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळीकडे फिरून आलं. दुपारी शालनबाई दार उघडून बघतात तर उंबऱ्यात पिवळी पावलं, जिन्यात पिवळी पावलं. आपलाच उपाय त्या साफ विसरल्या होत्या. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि पोर्चमधल्या आबांना हाक मारली, “अवं, गवरी आल्या जनू. पर ह्या टायमाला कशा काय? आन पावलं जरा जास्तीच हायेत.” आबांनी खाटेवरूनच गॅस्केटचं पिवळं तोंड पाहिलं आणि कूस बदलली.

शनिवार उजाडला तसा समाधानचा धीर सुटला. कागदांची फाईल काखेत आणि गॅस्केटला पुढ्यात घेऊन तो रिक्षाने कासारवाडीला जनावरांच्या डॉक्टरबाईंकडे गेला. जयमाला मॅडमनी फाईल बाजूला ठेवली, गॅस्केटचा पाय उचलला, बोटांमधली लाल झालेली कातडी बघितली आणि पाय नाकाशी नेला.

“फरशी कशाने पुसता?”

समाधान ताठ झाला. हा त्याचा अभिमानाचा विषय होता. “मीच पुसतो मॅडम, रोज सकाळी शिफ्टला जायच्या आधी. आबांची अटच हाय, कुत्रं ठेवायचं तर पोर्च तुम्ही पुसायचा. फिनेल-बिनेल नाही, कंपनीत मशीनखालचं ऑइल काढायचं लिक्विड असतंय ना, ते आणतो. एक डाग ठेवत नाही बघा.”

“ते कळतंय,” मॅडम म्हणाल्या. “कातडीसुद्धा ठेवलेली नाही.”

काखेत कळसा म्हणतात तो हाच, आणि इथे तर काखेत फाईलही होती. आपल्याच हाताने रोज आपण याचे पाय जाळत होतो, या विचाराने समाधानच्या डोळ्यांत पाणी आलं. गॅस्केटने ते चाटलं. त्याला हल्ली काहीही चालत होतं.

मॅडमनी मलम दिलं. फरशी साध्या पाण्याने पुसा, पाय धुऊन कोरडे करा, आणि मलम चाटू देऊ नका. घरी येऊन समाधानने कागदाच्या तळाशी, पाचव्या ‘का’समोर लिहिलं: ‘पद्धत चुकली.’ करिष्माने ते वाचलं, पेन घेतलं, ‘पद्धत’ खोडलं आणि वर ‘समाधान’ लिहिलं. कागद परत करायला या वेळी कुणी नव्हतं.

मलम चाटू नये म्हणून त्याने कंपनीत कामाला वापरायचे सुती हातमोजे काढले आणि गॅस्केटच्या चारी पायांत चढवून मनगटाशी दोरीने सैलसर बांधले. प्रत्येक पायाला पाच-पाच रिकामी बोटं लोंबायला लागली. गॅस्केट नव्या नवरदेवासारखं अवघडून चालत खाली गेलं आणि खाटेखाली बसलं. उजवा पाय तोंडाशी नेला. मोजा. डावा नेला. तोही मोजा. त्याने इकडेतिकडे पाहिलं, तर खाटेच्या टोकाला आबांचे पाय लोंबत होते.

समाधान जिन्यातून हे बघत होता. मुदतीचा दिवस, आणि गॅस्केट आबांच्या भेगाळलेल्या टाचा चाटत होतं. चप चप चप. आबांनी एक डोळा उघडला. पाय आखडला. थोडा विचार केला आणि पाय पुन्हा लांब केला. मग ते असे काही घोरले की वरच्या मजल्यावर झोपलेल्या नाइट शिफ्टवाल्याने खिडकी लावून घेतली.

चहाच्या वेळेला उठून आबा म्हणाले, “सोताचं पाय चाटायचं थांबलं न्हवं? मंग झालं की. शब्द म्हंजी शब्द. ऱ्हाऊ दे हितंच.”

समाधानने त्यांच्या पाया पडायला वाकून बघितलं. पाय ओले होते, पण तो पडला.

पुढे गॅस्केटचे पाय बरे झाले, मोजे निघाले, आणि त्याचं चाटणं बंद झालं. स्वतःचंही आणि आबांचंही. खाटेखाली गपगार झोपायचं. आबा दुपारभर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचे, पाय खाली सोडून हलवून बघायचे आणि सगळ्यांवर खेकसायचे. मग एके दिवशी ते आपोआप निवळले.

त्यानंतरच्या रविवारी शालनबाई तुपाचा डबा घेऊन वर आल्या. डबा रिकामा होता. “समाधान, तू ते पाचदा ‘का’ इचारून सोदून काडतोस म्हनं. आमच्यातलं तूप कुटं जातंय ते बघ की जरा. आमी दोगंच खानारी, आन ह्यांना तर डॉक्टरनं तूप बंद केलंय.”

समाधान कागद-पेन घेऊन त्यांच्याबरोबर खाली आला. आबा खाटेवर होते, पाय लोंबते. टाचा आरशासारख्या चकाकत होत्या. खाली गॅस्केट मन लावून काम करत होतं. आबांनी समाधानकडे पाहिलं. आयुष्यभर कुणापुढे न वाकलेला तो माणूस डोळ्यांनी गयावया करत होता.

समाधानने कागद भिंतीला टेकवला. त्याला पहिल्या ‘का’च्या आधीच तळ दिसत होता.

“काय निगालं रं?” शालनबाईंनी विचारलं.

“माणूस चुकत नसतो काकू,” समाधान म्हणाला. “डबाच गळका हाय.”