डाव्या चाकाचा खांदा

स्टोअरबाईंनी सदतीस वर्षं लोकांना पाने, हातोडे आणि ग्रीसचे डबे मोजून दिले नि मोजून परत घेतले. स्वतः मात्र एक नट कधी फिरवला नाही. कारखान्याचं भांडार त्यांच्या ताब्यात होतं, आणि चौदा नंबरचा पाना नेऊन तेरा नंबरचा परत करणारा माणूस त्यांच्या नजरेतून सुटला असं कधी झालं नाही. निवृत्त झाल्यावर मोजायला वस्तू उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी माणसं मोजायला घेतली. वहिनीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण आलं, कोण दारातूनच डोकावून गेलं, कोण 'काही लागलं तर हक्काने सांगा' म्हणालं आणि मग फोन उचलेना, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. असल्या नोंदींना वही लागत नाही.

वहिनी म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन सहा वर्षं झाली. मागे राहिल्या त्या दोघी, एक घर, आणि त्याची जुनी गाडी. वहिनी शिवणकाम करणारी. गल्लीतल्या निम्म्या लोकांचा कोणता खांदा खाली उतरलेला आहे हे तिला ठाऊक होतं आणि तिने ते कधी कोणाला बोलून दाखवलं नाही. त्या बाजूला अस्तरात थोडा कापूस जास्त घातला की भागायचं. नणंद लोकांचं व्यंग लक्षात ठेवायची, भावजय झाकायची. एका घरात दोन्ही लागतात.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. डॉक्टरांचं म्हणणं एवढंच, की आठवड्यातून तीनदा व्यायामाच्या केंद्रात जायचं, तर महिन्याभरात काठीशिवाय चालता येईल. नाही गेलात तर जसं आहे तसंच राहील. पहिल्या दिवशी स्टोअरबाई तिला गाडीतून घेऊन गेल्या. रस्ता आधीच ठिगळं लावलेला, त्यात प्रत्येक खड्ड्याला गाडीचं डावं पुढचं चाक 'ठक' करायचं, आणि तो ठोका थेट वहिनीच्या पाठीत जायचा. वहिनी ओरडली नाही. तिने नुसती सीटची कड धरून ठेवली. घरी आल्यावर स्टोअरबाईंनी पाहिलं, तर कडेवर नखांच्या चार खुणा होत्या.

त्यानंतर आज डोकं जड आहे, परवा जाऊ, आज पाहुणे येतील, असं करत तीन आठवडे गेले. पाहुणे काही आले नाहीत. वहिनी भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जायची आणि भिंत धरून परत यायची. मग बुधवारी तिच्या मुलाचा दूरच्या शहरातून फोन आला. "आई, रविवारी येतो आणि तुला घेऊनच जातो. इथे लिफ्ट आहे, इमारतीतच व्यायाम करून घेणारा माणूस आहे. आत्या तरी किती करेल?"

वहिनी म्हणाली, "बघू."

स्टोअरबाई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. भांडारात 'बघू' म्हणणाऱ्या माणसाने नेलेली वस्तू एकदाही परत आणली नव्हती.

गुरुवारी सकाळी त्या गाडी घेऊन गॅरेजवाल्याकडे गेल्या. त्याने चाक हलवून पाहिलं, खाली वाकला आणि म्हणाला, "बुश गेलेत."

चाकाला गाडीच्या अंगाशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. तो जिथे गाडीला जोडतात तिथे लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून रबराचे जाड बुश बसवलेले असतात. या हाताच्या दोन्ही बुशांचं रबर फाटून त्याचा भुगा झाला होता.

"बदलून दे."

"दाबायचं मशीन बिघडलंय, बाई. पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात मला गाडीचं करायचंय काय? बुश आहेत ना? दे इकडे. घरी बदलीन."

गॅरेजवाल्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पण तोही एके काळी त्याच कारखान्यात होता आणि एका हरवलेल्या कानशीवरून या बाईने त्याला आठ दिवस छळलेलं होतं. तो वाद घालायला धजला नाही. बुश दिले, आणि संध्याकाळी फोनवर एकेक पायरी सांगितली. स्टोअरबाईंनी सगळं उतरवून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "आणि हे बघा, नट आवळताना..."

"आवळायचं कळतं मला," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. अवजाराचं नाव माहीत असलं की काम माहीत असतं, अशी त्यांची सदतीस वर्षांची समजूत होती.

शुक्रवारी सकाळी गाडी शेडमध्ये उभी राहिली. वहिनी पाठीला उशी लावून दारातल्या खुर्चीत बसली.

"वन्सं, तुम्ही गाडीखाली जाणार?"

"मग काय गाडी माझ्यावर येणार?"

"तीही येईल. जॅकचा भरवसा धरू नका, खाली लाकडाचा ठोकळा सरकवा."

ठोकळा सरकवला. चाक निघालं. नट मात्र हलेनात. स्टोअरबाईंनी आधी हाताने, मग पायाने, मग ठेवणीतल्या शिव्यांनी प्रयत्न करून पाहिला. शेवटी पान्याच्या दांड्यावर जुन्या लोखंडी कॉटचा पोकळ पाय चढवला आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा पहिला नट दाराची कडी मोडावी तसा आवाज करून सुटला. तासाभराने तो लोखंडी हात बाहेर निघून फरशीवर आला.

"थांबा," वहिनी म्हणाली. "उसवण्याआधी खूण करा." तिने शिवणाचा निळा खडू पुढे केला. जुना बुश कोणत्या बाजूला किती वळलेला आहे, ते त्या लोखंडी हातावर रेघ मारून घ्यायला लावलं. हे गॅरेजवाल्यानेही सांगितलं होतं आणि स्टोअरबाईंच्या कागदावर ते चौथ्या ओळीत होतं. त्यांनी दुसरीवरून पाचवीवर उडी मारली होती.

जुना बुश काढायला आधी हातोडा चालवला. बुश होता तिथेच राहिला, अंगठा तेवढा निळा झाला. मग स्टोअरबाई बसून विचार करू लागल्या, की मशीन तरी शेवटी करतं काय? दाबतं. मग त्यांनी पाण्याच्या टाकीचा पट्टा आवळायला आणलेली आट्यांची लांब सळई शोधली. ती बुशच्या मधल्या भोकातून ओवली. एका टोकाला बुशपेक्षा किंचित लहान असे जाड वॉशर, दुसऱ्या टोकाला बुश आत मावेल असा जाड पाइपचा तुकडा, आणि दोन्हीकडे नट. पाना फिरवत गेलं की सळई ओढणार आणि बुश पाइपात सरकणार. पंधरा-वीस फेरे काहीच झालं नाही. मग आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि बुश केसभर हलला.

"हलला," स्टोअरबाई म्हणाल्या.

"मी श्वास धरून बसलेय कधीची," वहिनी म्हणाली. "आता सोडू का?"

नवे बुश रात्रभर बर्फाच्या कप्प्यात ठेवलेले होते. गार लोखंड आकसतं. तापलेलं फुगतं, म्हणून त्या हाताचं भोक तापवायला हवं होतं. वहिनीने तिची कोट दाबायची जड इस्त्री काढायला सांगितली.

"लोकांच्या लग्नाचे कोट दाबलेत त्या इस्त्रीने."

"मग आज तिचंही भाग्य उजळू दे," म्हणत स्टोअरबाईंनी इस्त्री उलटी करून दोन विटांमध्ये बसवली आणि तिच्यावर लोखंड ठेवलं. अर्ध्या तासाने गार बुश गरम भोकात सळईच्या जोराने सरकत जाऊन बसला. दुसऱ्याला तर निम्माच वेळ लागला.

तीन वाजता लोखंडी हात जागेवर बसला. स्टोअरबाईंनी गाडी वर उचललेली असतानाच सगळे नट मनगट दुखेपर्यंत आवळले, चाक लावलं, जॅक उतरवला, आणि उठून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर ग्रीस, केसांत रबराचा भुगा. वहिनी गाडीकडे बघत होती. बघता बघता तिने मान डावीकडे कलती केली.

"वन्सं, ही उभी कशी आहे?"

"कशी म्हणजे? चार चाकांवर."

"डावा खांदा वर आहे. अर्धं बोट."

स्टोअरबाईंनी मागे सरकून पाहिलं. त्यांना काही दिसेना. मग टेप आणून मोजलं. अर्धं बोटच.

"तुम्ही नट आवळलेत तेव्हा चाक कुठे होतं?"

"लोंबत होतं. गाडी वर होती ना."

"मग हात लोंबत असताना बाही बेतलीत की हो," वहिनी म्हणाली. "रबर त्याच अवस्थेत घट्ट धरलं गेलं. आता गाडी खाली बसली तर त्याला पीळ पडला. अशी बाही दोन दिवसांत काखेत फाटते. माणूस जसा वावरणार तसा उभा करून माप घ्यायचं असतं."

स्टोअरबाई खाली बसल्या. फोनवर तोडलेलं गॅरेजवाल्याचं वाक्य काय असणार, ते त्यांना आता उमगलं. ही चूक आपल्याच खात्यावर गेली, हे त्यांनी मुकाट्याने मान्य केलं. दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकायची सोयच नव्हती.

उपाय होता. जाड फळ्या एकमेकींवर ठोकून दोन बैठे चौथरे केले, पुढची चाकं त्यांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या. आता गाडीचा भार चाकांवरच होता आणि खाली एक माणूस मावेल एवढी जागा झाली. स्टोअरबाई आडव्या होऊन आत सरकल्या आणि त्यांनी नट सैल केले. गाडी एकदा हुश्श करून खाली बसली.

"आता आवळते."

"रिकामीच?" वहिनीने विचारलं.

"म्हणजे?"

"घालणार कोण? माप त्याचं."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. स्टोअरबाईंना गाडीखालून फक्त पावलं दिसत होती, भिंत धरून, मग गाडी धरून, एकेक. तीन आठवडे ज्या गाडीचं नाव काढू देत नव्हती तिचं दार वहिनीने स्वतः उघडलं. फळ्या किंचित कुरकुरल्या.

"बसलीस?"

"बसले."

"टेकून?"

"टेकलं की दुखतं. जशी बसते तशीच बसलेय."

"तशीच राहा." स्टोअरबाईंनी पाना लावला. वर एक, खाली एक, आणि मध्ये गाडीचा पत्रा.

"वन्सं," थोड्या वेळाने वरून आवाज आला, "एवढा खटाटोप कशाला करताय? परवा तो येईलच."

"तुला जायचंय का?"

मग वहिनी म्हणाली, "तुमचं वय बघा. मला उठवता, आंघोळीला बसवता. पाठ दुखते ते खरंच. पण मी म्हटलं, गेलेच नाही व्यायामाला तर तोच म्हणेल चल. मग तुम्हाला तोंडाने सांगावं लागणार नाही."

"काय सांगावं लागणार नाही?"

"की आता झेपत नाही."

पान्यावरचा हात तसाच राहिला. तीन आठवड्यांतली प्रत्येक सबब स्टोअरबाईंच्या ध्यानात होती. प्रत्येकीसमोर त्यांनी 'हिला मुलाकडे जायचंय' असाच शेरा मारला होता. एवढ्या नोंदी, आणि सगळ्या चुकीच्या माणसाच्या नावावर.

"उभ्या जन्मात मी कोणाला तोंडावर बोलायला भ्याले का?" त्या म्हणाल्या. "तुलाच भ्याले असते?"

"मग झेपतं?"

"नाही झेपत. कंबर जाते माझी." मग आवाज जरा खाली आला. "पण तू गेल्यावर त्या कमरेचं करू काय मी? ठेवू कुठे?"

फळ्या पुन्हा थोड्या कुरकुरल्या, माणूस जरा मागे टेकून बसला की कुरकुरतात तशा.

"आवळू?"

"आवळा," वहिनी म्हणाली. "आणि नीट आवळा."

शनिवारी सकाळी त्या व्यायामाच्या केंद्राकडे निघाल्या. स्टोअरबाईंचा एक डोळा रस्त्यावर आणि एक वहिनीच्या हातांवर. हात मांडीवर होते. शाळेपुढचा मोठा खड्डा चुकवता आला नाही. गाडी त्यातून जड माणसाने मऊ गादीवर बसावं तशी उतरली नि वर आली.

"दुखलं?"

"थोडं." वहिनी बाहेर बघत होती. "पुढे बघून चालवा."

केंद्रात ती दांड्यांना धरून अकरा पावलं चालली. बाराव्याला बसली. व्यायामवाली म्हणाली, सोमवारी या, आणि वहिनीनेच आधी 'येतो' म्हटलं.

संध्याकाळी मुलाचा फोन आला तेव्हा स्टोअरबाई स्वयंपाकघरात नळाखाली नखांतलं ग्रीस खरवडत होत्या. कालपासून घासूनही ते निघत नव्हतं.

"हो, ये ना उद्या," बाहेरच्या खोलीत वहिनी म्हणत होती. "जेवायलाच ये. नाही रे, सामान कसलं बांधायचंय? तू राहा दोन दिवस... अरे, व्यायामाला जायला लागले मी. गाडी छान झालीय." मग तिचा आवाज बारीक झाला. "आणि कोणाला सांगू नकोस, पण तुझ्या आत्याच्या कमरेचं काही खरं नाही. तिला एकटीला टाकून मी कशी येऊ?"

स्टोअरबाईंनी नळ बंद केला, म्हणजे पुढचं नीट ऐकू येईल.