थोरल्याचे वाढीव दिवस

ललिता गावित नाशिक रोडच्या एका शाळेत इतिहास शिकवायची. नव्याण्णव साली एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत तिची कादंबरी क्रमशः येत होती. विषय ग्रीकांचा: समुद्राकाठचं एक तटबंदीचं शहर, त्याला वर्षानुवर्षं पडलेला वेढा आणि माणसांच्या भांडणात हौसेनं उतरणारे देव. परकी नावं वाचकांच्या जिभेवर बसेनात, म्हणून तिनं ती सरळ काढून टाकली. शहराच्या बाजूनं लढणारा राजाचा मोठा मुलगा नुसता 'थोरला' झाला. तो समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता; तटाखालची नदी लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर माहेरची, हरसूलकडची नदी यायची. पण लोकांना गोष्टीचा नाद लागला. बाजारात भाजी घेतानाही कुणीतरी विचारायचं, "बाई, थोरला काय म्हणतोय?"

जूनमधल्या एका दुपारी शाळा सुटली तेव्हा फाटकाशी एक म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, हातात कांद्यांची पिशवी. विंचूरहून एसटीनं आला होता.

"गोष्ट लिवणाऱ्या बाई तुम्हीच का? मी धोंडीराम. दर ऐतवारी आमच्या मंडळींना तुमची गोष्ट वाचून दाखवतो. सिंधूला वाचता येत नाय."

ललितानं त्याला शिक्षकांच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं. पाणी पिऊन तो बराच वेळ पिशवीचा बंद चाळवत राहिला.

"थोरला मरणार हाय ना?"

ललिता दचकली. "कुणी सांगितलं?"

"सांगतंय कोण? मागल्या ऐतवारी तो चिलखत घालून निघाला अन् त्याची बायको लेकराला घिऊन तटापाशी उभी ऱ्हायली. तवाच सिंधू म्हणली, हा काय माघारी येत नाय. तवापासनं ती धड जेवंना." म्हाताऱ्यानं पिशवी मांडीवर ओढली. "आमचा थोरला, वाळू, फौजेत हाय. तिकडं वर, कारगिलला. टीव्हीवर रोज जवानांच्या पेट्या येत्यात, बाई."

ललितानं त्याचा पेला पुन्हा भरला. मग ती हळूच म्हणाली, "बाबा, ही गोष्ट माझी नाही. तीन हजार वर्षं लोक ती सांगताहेत, आणि दर वेळी तो मरतोच."

"मंग अजून दोन म्हैने जगला तर कुणाचं काय बिघडतंय?"

पुढचं प्रकरण लिहून तयार होतं आणि त्यात थोरला पडत होता. घरी गेल्यावर ललितानं ते कपाटात टाकलं आणि कोरा कागद घेतला. नदीच्या देवीला रक्ताची शिसारी आली, असं तिनं लिहिलं. देवीनं खोऱ्यात असं धुकं सोडलं, की हातातल्या भाल्याचं टोक दिसेना. लढाई थांबली. थोरला घरी आला, आजारी घोड्याला औषध पाजत बसला, पोराला खांद्यावर घेऊन तटावर फिरला. धुक्यात दोन्हीकडचे शिपाई एकाच झऱ्यावर पाण्याला यायचे आणि कोण कुठला हे न कळता एकमेकांच्या पखाली उचलायला हात लावायचे.

रविवारमागून रविवार गेले. संपादक कुलथे वैतागले. "बाई, आपण युद्धकथा म्हणून जाहिरात केलीय. ह्या धुक्यात किती दिवस बसायचं? लोक विचारतात."

"काय विचारतात?"

कुलथे जरा अडखळले. "घोडा बरा झाला का, ते विचारतात."

"मग चालू दे की," ललिता म्हणाली.

जुलैअखेर लढाई संपल्याची बातमी आली. विंचूरहून मात्र काहीच कळेना, आणि ललिताचा हात थोरल्याला तटाबाहेर काढायला धजेना. पोळ्याच्या सुमाराला शाळेत फोन वाजला. धोंडीराम ओरडूनच बोलत होता, "बाई, वाळू आला! जेवायला या!"

ती गेली. वाळू भिंतीला टेकून बसला होता. डाव्या हाताला पट्ट्या होत्या. दोन बोटं गेली होती. सिंधुबाईनं ललिताला चुलीपाशीच बसवलं आणि तव्यावरची भाकरी तिच्या ताटात वाढली.

"माझ्यापायी तुमची लढाई खोळंबली," ती म्हणाली. "आता लिवा, काय लिवायचं ते."

"मला आता त्याला मारवत नाही, मावशी. कल्पनेचीच गोष्ट आहे. वाचला तर वाचला."

वाळू इतका वेळ खाली मान घालून जेवत होता. "नका वाचवू, बाई," तो म्हणाला. "आमच्यातला एक जण आला नाय. त्याची आई बी कुठं काय ऐकत असंल. गोष्टीतलासुदीक वाचला अन् आपलाच तेवढा गेला, असं वाटंल तिला."

सिंधुबाईनं त्याला आणखी अर्धी भाकरी वाढली.

"एक करा," घास संपवून वाळू म्हणाला. "त्याला एकटा नका ठेवू. कुणीतरी पाशी असू द्या."

जुन्या कथेत थोरला तटाबाहेर एकटाच मरतो. देवसुद्धा त्याला फसवून निघून जातात. ललितानं तेवढं बदललं. धुकं विरलं, थोरला निघाला, पडला. तेव्हा त्याचा म्हातारा सारथी दरवाजातून धावत आला आणि शत्रूचा रथ अंगावर येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिला. हे लिहिताना आपल्याला रडू कोसळेल असं तिला वाटलं होतं. तसं झालं नाही. वाक्यं सावकाश, एकामागून एक येत गेली.

प्रकरण छापून आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळेत धोंडीरामचा फोन आला. "वाचलं, बाई. मधी माझाच आवाज बसला, तर वाळूनं पुढलं वाचलं."

"आणि मावशी?"

"ऐकलं नीट. जेवली बी. फकस्त एक इचारायला सांगितलंय. त्याच्या आईला कुणी सांगितलं? का तिनंच तटावरनं बघितलं?"

इतक्या महिन्यांत थोरल्याच्या आईला ललितानं दोन ओळींपलीकडं जागा दिली नव्हती.

"मावशींना म्हणावं, बघते," ती म्हणाली.

पुढच्या तासाला तिला वर्ग नव्हता. शिक्षकांच्या खोलीत येऊन तिनं कागद ओढला आणि म्हाताऱ्या राणीला तटाच्या पायऱ्या चढायला लावलं.