टाळूतून सुटलेला स्क्रू

मी स्क्रू बोलतोय. टायटॅनियमचा, तांदळाच्या दाण्याएवढा. हसू नका, एका नावाजलेल्या डॉक्टरांची मी चार लोकांत चांगली जिरवली आहे.

पुढे आलेले दात मागे ओढायचे तर आधाराला पक्का खुंटा लागतो. त्यासाठी आम्हाला तोंडातल्या टाळूच्या हाडात पिळून बसवतात. हाड जाड आणि भरीव असलं, की आम्ही जागचे हलत नाही.

माझी नेमणूक एका शाळकरी मुलीच्या टाळूवर झाली. भारी बडबडी पोर. भूल चढेपर्यंत ती डॉक्टरांना त्यांच्या मिशांबद्दल विचारत होती. तिच्या टाळूचा स्कॅन काढलेला होता, पण डॉक्टरांनी तो उघडलासुद्धा नाही. आपल्या हाताला कळतं, असं ते सगळ्यांना सांगायचे. सवयीने त्यांनी मला मागच्या बाजूला बसवलं. आत शिरताच मला कळलं, इथे हाड नावालाच आहे. पण माझं ऐकतो कोण!

थोड्याच दिवसांत मी डुगडुगायला लागलो. डॉक्टरांनी मला त्याच भोकात पुन्हा पिळलं आणि खापर पोरीवर फोडलं. ही जिभेने चाळे करते, हिचं बोलणं कमी करा, असं आईला बजावलं. झालं! आई तिला उठता बसता दटावू लागली. पोर बोलेनाशी झाली. वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करायची. मी तिच्या जिभेचा सख्खा शेजारी. ती जीभ भिऊन निपचित पडलेली मला बघवेना. असं माझं टाळकं सटकलं म्हणता! घरीच गळून पडलो असतो, पण पडायचं तर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, म्हणून दात नसताना दातओठ खात मी तग धरला.

पुढच्या खेपेला खुर्चीभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. बघा कसा पक्का बसलाय, म्हणत डॉक्टरांनी मला चिमटा टेकवला. मी टपकन जिभेवर उडी मारली.

डॉक्टरांनी पुन्हा जिभेचंच पालुपद लावलं. एका शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी स्कॅन बघायचा का, असं विचारलं. डॉक्टर नको म्हणायच्या आत खुर्चीजवळ उभी असलेली आई म्हणाली, दाखवाच. पडद्यावर सगळ्यांना दिसलं, की मी होतो तिथे हाड पापुद्र्याएवढं होतं आणि जरा पुढे चांगलं जाडजूड.

"म्हणजे हिच्या जिभेचा दोष नव्हता," आई म्हणाली. "हिच्याकडे बघून सांगा तसं."

डॉक्टरांनी पडलेल्या चेहऱ्याने सांगितलं. काय गार वाटलं मला!

मुलीने आईकडे पाहिलं. "आता मी बोलू?"

आईने पोरीला पोटाशी धरलं.

आता पुढच्या जाड हाडात माझा भाऊ घट्ट बसलाय. मी मुलीच्या टेबलावर डबीत पडून तिची अखंड बडबड ऐकतो. डॉक्टर, यापुढे आधी स्कॅन उघडा. मुलीबरोबर घरी निघण्यापूर्वी मला तुमच्या ट्रेमध्ये ठेवलं होतं ना, तेव्हा तिथल्या माझ्या भाऊबंदांना मी सगळं सांगून आलोय.